वरचा भार

भूपालराव मगदूमांच्या थिएटरात जगातला कुठलाही आवाज काढता येत होता. फक्त त्यासाठी लागणारी वीज मिळत नव्हती.

थिएटर म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या श्रेयस अपार्टमेंटमधली, तिसऱ्या मजल्यावरची, दहा बाय चौदाची मागची खोली. मुलगी लग्न करून बंगळूरला गेल्यापासून ती रिकामी पडली होती. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात पस्तीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाला की रिकामी खोली त्याला बघवत नाही. भूपालरावांनी तिथे अकरा स्पीकर, दोन वूफर आणि भिंतभर पडदा बसवला. पण पाहुण्यांना ते स्पीकर नंतर दाखवायचे, आधी जोडणी दाखवायचे. मीटरपासून थेट वेगळी लाइन, चार स्क्वेअरची जाड तांब्याची वायर, मधे एकही सांधा नाही. त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी, जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका. इमारतीमागे पेरूच्या झाडाखाली खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून अर्थिंगसुद्धा स्वतःचं. सगळ्यांच्या अर्थिंगवर जोडलं की कुणाच्या तरी मिक्सरची घरघर स्पीकरमधून येते, आणि असली घरघर भूपालरावांच्या घरात खपणार नव्हती. अॅम्प्लिफायर एकदम चालू केले तर पहिल्या क्षणी करंटचा मोठा झटका बसतो, म्हणून ते तीन-तीन सेकंदांच्या अंतराने चालू होतील अशीही व्यवस्था होती. खोलीचा एसी धरून पूर्ण जोरात सगळं मिळून साडेतीन किलोवॅट खायचं.

घराला हक्काचा भार होता दीड किलोवॅट.

समभार कायदा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरोघरी गाड्या चार्जिंगला लागल्या, उन्हाळे बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली उतरेनात, आणि दर एप्रिलमध्ये गल्लोगल्ली ट्रान्सफॉर्मर उडायला लागले, तेव्हा सरकारने प्रत्येक इमारतीला ठरावीक वीज नेमून दिली आणि जिन्याखाली एकेक समभार पेटी बसवली. दीड किलोवॅट प्रत्येक घराच्या हक्काचे. उरलेला तो वरचा भार. तो कुणाला द्यायचा, हे पेटी ठरवायची.

पेटीत कॅमेरा नव्हता, माइक नव्हता. ती फक्त करंट वाचायची. प्रत्येक उपकरण करंट ओढतं ते आपापल्या ढंगाने. फ्रिज दचकून सुरू होतो, पंखा सावकाश चढतो, मोबाईलचा चार्जर बारीक बारीक घोट घेतो. मीटरमधून जाणारी लहर सेकंदाला हजारो वेळा तपासली की कुठल्या घरात काय चालू आहे ते नावानिशी कळतं. आणि पेटीचं तत्त्व साधं होतं. दहा माणसं दहा घरांत दहा पंखे लावून बसण्यापेक्षा एका घरात दोन पंख्यांखाली बसली तर वीज वाचते. म्हणून जेव्हा चार-सहा घरं सामसूम होतात आणि त्याच वेळी एखाद्या घरात चार्जर, पंखा, चहाची किटली अशी किरकोळ उपकरणं वाढतात, तेव्हा पेटी समजायची की माणसं तिथे जमली आहेत. वरचा भार त्या घराला मिळायचा.

म्हणजे ज्याच्याकडे लोक जातात त्याला वीज. भूपालरावांकडे कुणी जात नव्हतं.

लोक जायचे समोरच्या तीनशे दोनमध्ये, शशिकांत पोतनीसांकडे.

पोतनीस एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं नाहीत. घरात त्रेचाळीस इंची जुना टीव्ही, त्याला दोन डबडी स्पीकर, आणि हे सगळं एकाच सहा अँपिअरच्या पॉइंटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालवलेलं. त्याच बोर्डावर कूलर, त्याच बोर्डावर किटली. घरातली वायरिंग इमारत बांधली तेव्हाची. भूपालरावांनी एकदा ती बघितली होती आणि त्यांना दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

पण संध्याकाळी सात वाजले की लोक आपापल्या खुर्च्या घेऊन पोतनीसांकडे निघायचे. पोतनीस सिनेमा लावायचे आणि सिनेमाभर बोलायचे. हिरो पळाला की "निघाली, निघाली, विनाथांबा निघाली," असं स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे. संवाद कुणाला ऐकू यायचे नाहीत आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नसायची.

आणि त्या लोकांत पहिली खुर्ची असायची पद्मजाची. भूपालरावांच्या बायकोची.

मगदूमांकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे इतर बायका पोळ्या लाटत असताना पद्मजाचा ओटा पुसून झालेला असे. ती सातच्या ठोक्याला समोर जायची. सूर्यास्तानंतर ती पाणीही घ्यायची नाही, तेव्हा चहा-चिवड्यासाठी जाते असंही म्हणता येत नव्हतं. भूपालरावांना हेच खुपायचं. चहा नाही, खाणं नाही, चित्र धड नाही, आवाज तर मुळीच नाही. मग ती जाते कशाला?

त्याचं उत्तर समोरच्या उघड्या दारातून ऐकू यायचं. ती तिथे हसायची. घरात तिचं ते हसू त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते आठवायला बसलं की मुलीच्या साखरपुड्यापर्यंत मागे जावं लागायचं.

सोसायटीने भूपालरावांना वीजप्रमुख केलं होतं, त्यामुळे पेटीची नोंद त्यांच्या टॅबवर दिसायची. रोज सात वाजता ते ती उघडून बसत. स्वतःच्या तीनशे एकमधला स्वयंपाकघरातला दिवा बंद, नऊ वॅट खाली. तिच्या खोलीतला पंखा बंद, आणखी पंचावन्न वॅट खाली. मग पलीकडे तीनशे दोनमध्ये दुसरा पंखा चालू. नवऱ्याने बायकोची ये-जा वॅटमध्ये मोजावी हे काही शोभणारं नव्हतं. पण भूपालराव मोजत होते.

एके दिवशी त्यांनी विषय काढलाच.

"आपल्याकडं एवढं सगळं आहे. तू त्या डबड्यासमोर जाऊन का बसतीस?"

पद्मजा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "आपल्याकडं वीज कुठं असतीया?"

"कमी आवाजात चालतं की."

"कमी आवाजात लावलं की तुम्ही नुसते वॅट बघत बसता. आणि मोठ्यानं लावलं की मला गप्प बस म्हणता." तिने टॉवेल झटकला. "आणि अकरा स्पीकर असून नीट ऐकायची जागा एकच आहे, ती तुमची. मला कडेला बसवता. तिथं माझ्या कानात नुसतं धाड धाड होतं."

"ते कोनाचं गणित असतं, पद्मजा. सगळे स्पीकर एकाच बिंदूवर..."

"बरोबर आहे. भावोजींकडं बिंदू नाही. तिथं कुठंही बसलं तरी चालतंय."

भावोजी. हा शब्द भूपालरावांना टोचला. पोतनीसाबद्दल त्यांच्या मनात दुसरा तिसरा संशय नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ज्या माणसाला करंट आणि व्होल्टेजमधला फरक सांगता येत नाही त्याच्याकडे आपली बायको खुशीत असते, याबद्दल भांडायचं तरी कुणाशी? त्यांना पोतनीसाचा हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतोय याची लाज. दोन्ही मिळून ते दिवसेंदिवस चिडके होत चालले होते.

"शनिवारी माझ्याकडं बस," ते म्हणाले. "वीज मी आणतो."

पद्मजाने टॉवेलची घडी बाजूला ठेवली. "आणा. बसते."

हे बोलणं झालं तेव्हा पेटीच्या नोंदीत तीनशे दोनसमोर एक पिवळी खूण उमटून बरेच दिवस झाले होते.

ती खूण एका बुधवारी आली होती. एखाद्या घरातल्या वायरिंगमध्ये कुठे सांधा सैल झाला की तिथे सुईच्या टोकाएवढ्या ठिणग्या पडायला लागतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण करंटची लहर त्या जागी थरथरते, आणि पेटीला ती थरथर कळते. सैल सांधा तापतो. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. त्यामुळे थोड्या भारावर वर्षानुवर्षं गप्प असलेला सांधा वरचा भार मिळाल्यावर एका संध्याकाळीत पेट घेऊ शकतो. पेटी वीजप्रमुखाला कळवते, त्याने महिन्याभरात जाऊन बघायचं, नाहीतर मग ती स्वतःच त्या घराचा वरचा भार तोडते. असा नियम.

बघायला जाणं म्हणजे दहा पावलं. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास. भूपालरावांनी पहिल्या दिवशी ड्रायव्हर खिशात घातलाही. दारापर्यंत गेले. आतून पोतनीसांचा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," आणि पाठोपाठ पद्मजाचं हसू. भूपालराव परत फिरले.

जळू दे त्याचा टीव्ही एकदाचा, असं त्यांच्या मनात आलं. टीव्ही जळेल, बैठक मोडेल, लोक पांगतील. एवढंच आपण म्हणतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पद्मजा नेमकी त्या पॉइंटच्या, भिंतीवरच्या स्विचबोर्डाखालच्या खुर्चीवर बसते, कारण पंखा तिथे बरा लागतो, हेही त्यांना ठाऊक होतं. पण त्या विचाराशी ते थांबत नव्हते. दुसऱ्या दिवशीही ते गेले नाहीत, तिसऱ्याही नाही. पुढेपुढे ती पिवळी खूण रोज बघायची सवयच झाली.

शनिवारसाठी भूपालरावांनी जी युक्ती काढली, ती काढायला पस्तीस वर्षांचा अनुभवच हवा. पेटीला हवी असतात सामसूम घरं आणि एका घरात वाढलेले चार्जर. ठीक आहे. त्यांनी जिन्यात सूचना लावली की शनिवारी सात वाजता लाइन तपासणीसाठी खालच्या सहा घरांची वीज थोडा वेळ बंद राहील. आणि भंगारवाल्याकडून नऊ जुने मोबाईल आणले, बॅटऱ्या उतरलेले. थिएटरात चार खुर्च्या आणि एक दिवाण होता. प्रत्येक खुर्चीवर एक मोबाईल, दिवाणावर ओळीने पाच, प्रत्येकाला चार्जर आणि प्रत्येक चार्जरच्या वायरची नीट गुंडाळी. साडेसहाला ते दारात उभे राहून ती बैठक बघत होते आणि त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सातला त्यांनी जिन्यातल्या पॅनेलवरचे सहा खटके खाली ओढले आणि धावत वर आले. टॅबवर आकडे पडले. सहा घरं सामसूम. तीनशे एकमध्ये नऊ चार्जर. पेटीने चार-पाच सेकंद घेतले आणि तीनशे एकसमोर हिरवा ठिपका लागला.

अॅम्प्लिफायर एकेक करून जागे झाले. पडद्यावर समुद्र आला आणि त्याची पहिली लाट मागच्या भिंतीतून येऊन डोक्यावरून पुढे गेली. भूपालरावांच्या अंगावर काटा आला. साडेतीन किलोवॅट. कुठे घरघर नाही, कुठे खरखर नाही.

"पद्मजा! ये लवकर."

ती आली. साडी बदलून, केस नीट करून आली होती. दारात तिने क्षणभर तो आवाज ऐकला आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक उमटलं. मग ती आपल्या खुर्चीकडे वळली.

"हा मोबाईल कुणाचा?"

"तो राहू दे. हलवू नकोस."

"मग बसू कुठं?"

"अगं, एक चार्जर जरी कमी झाला तर भार जाईल. पाच मिनिटं उभी राहा की. नाहीतर तिथं खाली, गादीवर..."

पद्मजाने चारही खुर्च्या बघितल्या. दिवाण बघितला. प्रत्येक जागेवर एकेक मोबाईल पडलेला होता, आणि मधल्या खुर्चीवरचा भूपालरावांनी स्वतःसाठी उचलून मांडीवर घेतला होता.

"एवढी मंडळी आली आहेत तर माझं काय काम," ती म्हणाली, आणि गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं.

ते उठणार होते. पण पडद्यावर वादळ सुरू झालं होतं, आणि हे वादळ ऐकण्यासाठी त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती. दोन मिनिटांनी बोलावू, असं त्यांनी ठरवलं. समजूत काढायला ती काही लांब गेली नव्हती.

वीज गेलेल्या सहा घरांनी एप्रिलच्या उकाड्यात जे करायचं तेच केलं. सगळे खुर्च्या घेऊन पोतनीसांकडे आले. बावीस माणसं झाली. दोन्ही पंखे, कूलर, किटली, कुणीतरी आणलेली दुसरी किटली, टीव्ही, आणि ज्याचा त्याचा चार्जर त्या एका एक्स्टेन्शन बोर्डात.

थिएटरातलं वादळ मध्येच बंद पडलं. पडदा काळा झाला. भूपालरावांनी टॅब उचलला. हिरवा ठिपका तीनशे दोनवर गेला होता. त्यांच्या तोंडून एक शिवी गेली. मग त्यांची नजर त्याच ओळीत पुढे सरकली.

खूण आता पिवळी नव्हती, लाल होती. लहर इतकी थरथरत होती की आकडा स्थिर राहत नव्हता. एरवी पाच-सहा अँपिअर ओढणारं ते घर सोळा ओढत होतं. करंट जवळजवळ तिप्पट. उष्णता आठ-नऊ पट. हा हिशेब त्यांना करावा लागला नाही, तो आपोआप झाला, आणि त्यानंतर त्यांना फक्त ती बोर्डाखालची खुर्ची दिसली.

अनवाणीच ते धावले. पोतनीसांचं दार उघडंच होतं. दाराच्या आत, चपलांच्या मांडणीवर मेन स्विच होता. त्यांनी तो खाली ओढला. खोलीत काळोख झाला आणि बावीस माणसांनी एका सुरात कुरकुर केली.

"बोर्डापासून लांब व्हा," भूपालराव ओरडले. "पद्मजा, ऊठ तिथनं."

कुणीतरी मोबाईलचा उजेड भिंतीवर टाकला. स्विचबोर्डाची पट्टी फुगून खाली ओघळली होती. तिच्या मागून बारीक धूर येत होता, आणि खिडकीच्या पडद्याचं टोक तिथून वीतभर अंतरावर होतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास आता सगळ्यांनाच आला. पद्मजा उठून बाजूला झाली. तिच्या पदरावर वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक थेंब पडून घट्ट झाला होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले. खालचे कुलकर्णी म्हणाले, आज काही खरं नव्हतं. पोतनीसांनी भूपालरावांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचा तो पुकारायचा आवाज पार बसला होता.

"मगदूमसाहेब, देवासारखे आलात ओ. तुम्हाला कळलं कसं?"

"अहो, पस्तीस वर्षं विजेत काढली आहेत त्यांनी," कुणीतरी परस्पर उत्तर दिलं. "त्यांना नुसत्या वासावरून कळतंय."

उत्तर चांगलं होतं आणि ते भूपालरावांना स्वतःला द्यावंही लागलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा या घरात सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि पोतनीसाकडे कुणी बघत नव्हतं. एवढ्यातसुद्धा त्यांच्या मनाला ते बरं वाटलं.

"कधीपासून माहीत होतं?" पद्मजाने विचारलं.

तिने आवाज चढवला नव्हता. पण रोज सात वाजता हा माणूस टॅब उघडून बसतो, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, म्हटलं असतं तर लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. तीही चारचौघांत पुढे काही विचारणार नव्हती. घरी गेल्यावरही बहुतेक विचारणार नव्हती. फक्त उद्या सातला ती कुठे जाईल, परवा कुठे जाईल, ते त्यांना यापुढे कधीच विचारता आलं नसतं.

"सतरा दिवस झाले," भूपालराव म्हणाले.

पोतनीसांच्या हातांची पकड सैल झाली.

"म्हणजे... बोर्ड खराब आहे हे माहीत होतं तुम्हाला? आणि सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

"अहो, पण वहिनी रोज इथंच बसत होत्या की," पोतनीस म्हणाले. ते रागावलेही नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "या बोर्डाखालीच बसायच्या."

"त्याचाच तर राग होता."

कुलकर्ण्यांनी आपली खुर्ची घडी केली. मग दुसऱ्यानं केली. माणसं एकेक करून, भूपालरावांच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने बाहेर पडली. पोतनीस भिंतीला टेकून खाली बसले आणि काळ्या पडलेल्या बोर्डाकडे बघत राहिले.

पद्मजा गेली नाही. ती तीनशे एकमध्ये जाऊन भूपालरावांची हत्यारांची पिशवी आणि थिएटरच्या जोडणीतून उरलेली चार स्क्वेअरची वायर घेऊन आली. दोन्ही तिने त्यांच्या पायाशी ठेवली आणि मोबाईलचा उजेड बोर्डावर धरला.

"बदलून द्या यांची लाइन," ती म्हणाली. "मी उजेड धरते."

भूपालरावांनी स्टूल ओढलं आणि पहिला स्क्रू काढायला घेतला. तो जागेवर वितळून बसला होता, निघत नव्हता. पद्मजा अगदी जवळ येऊन उभी राहिली, तिचा खांदा त्यांच्या हाताला लागत होता. एवढ्या जवळ ती किती वर्षांत उभी राहिली नव्हती. लाइन पुरी बदलायला तीन तास लागले. तेवढा वेळ तिने उजेड जराही हलू दिला नाही आणि एकदाही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.